छायाचित्रणास मनाई : एका फलकाचा इतिहास

पुण्यात पाषाणकडून सूस खिंडीतून नांदे गावाकडे निघाले, की वाटेत तीन तऱ्हेची कुंपणे लागतात. पहिले कुंपण पाषाणचे. शस्त्रास्त्र संशोधन करणारी ‘एआरडीई’ ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्यासह संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांच्या भिंतींनी पाषाणचा मोठा भाग व्यापला आहे. महामार्ग ओलांडला, की उजव्या अंगाला म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल येते. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभारले गेले. सूस मागे पडून नांद्याचे शिवार सुरू झाले, की तिसरे कुंपण दिसू लागते. शेताच्या जागी उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांची फाटके, बांधकामांभोवतीचे पत्रे आणि गणवेशातले पहारेकरी. उत्तरेला माण-हिंजवडीच्या आयटी पार्कातही हेच चित्र आहे.

कॅमेरा किंवा मोबाइल वर उचलणाऱ्याला या तिन्ही तऱ्हेच्या कुंपणांपाशी एकच वाक्य ऐकावे लागू शकते : ‘ओ दादा, इथं फोटो काढायचा नाही.’ का, असे विचारले तर उत्तरही ठरलेले असते : ‘वरून ऑर्डर आहे.’ पण या तिन्ही नकारांमागचा कायदा एक नाही. पहिल्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा आणि आजही लागू असलेला कडक कायदा आहे. दुसऱ्यामागे फार तर एखादे कार्यालयीन परिपत्रक असते. तिसऱ्यामागे फाटकाच्या आत जागामालकाचा हक्क असतो, आणि फाटकाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर काहीही नसते. कायद्यात असलेला हा फरक रस्त्यावर कसा पुसला गेला, हे समजून घ्यायचे तर महाराष्ट्रात कॅमेरा आला तिथपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. ते स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले पहिल्या पिढीचे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. पाश्चात्त्य देशांत जन्मलेली ही कला पंधरा वर्षांत मुंबईत पोहोचली आणि मराठी माणसाने ती लगेच आत्मसात केली.

तरीही त्या काळातला सर्वांत बलवान कॅमेरा सरकारच्या हाती होता. विजापूरच्या इमारतींची छायाचित्रे काढण्यासाठी १८५५ मध्ये लष्करातले थॉमस बिग्ज नेमले गेले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत देशभरच्या जातीजमातींची शेकडो छायाचित्रे आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून घ्यायची होती आणि कॅमेरा हे त्या ओळखीचे हत्यार होते. समोर उभ्या केलेल्या माणसाच्या संमतीचा प्रश्न त्या व्यवस्थेत महत्त्वाचा नव्हता. १८९६-९७ च्या प्लेगात तर मुंबईच्या इस्पितळांतले रुग्ण, घरांची झडती घेणारी पथके आणि चुना मारलेल्या चाळी कॅप्टन मॉस या अधिकाऱ्याने टिपल्या. पुण्यात त्याच काळात गोरे शिपाई लोकांच्या घरांत घुसत होते, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. आज पुण्याहून औंध-बाणेरमार्गे नांद्याकडे येणारी वाहने त्याच खिंडीतून जातात.

या सरकारी कॅमेऱ्याच्या बरोबरीने एक दुसरा कॅमेराही रस्त्यावर उतरला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. त्यांनी विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला गणितात ‘सीनियर रँग्लर’ होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या अखेरीस परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले. सावेदादांनी तेही टिपले. आपल्या देशातला एक सार्वजनिक प्रसंग देशातल्याच माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने नोंदवून ठेवला. भारतीय वृत्तचित्राचा उगम अभ्यासक तिथे मानतात. तो उगम सार्वजनिक जागेत, गर्दीत उभ्या असलेल्या एका खासगी माणसाच्या हातून झाला, हे या विषयात विसरता येणार नाही.

गुप्ततेचा कायदा याच सुमारास आकार घेत होता. ब्रिटनमध्ये १८८९ मध्ये अधिकृत गुपितांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही त्याची आवृत्ती आली. लॉर्ड कर्झन यांना तेवढ्याने समाधान नव्हते. १९०३ च्या अखेरीस त्यांच्या सरकारने दुरुस्ती विधेयक आणले. त्या विधेयकाने लष्करी गुपितांच्या पंगतीला मुलकी कारभाराची माहितीही बसवली. त्याला विरोध करायला कौन्सिलात उभे राहिले ते पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. डिसेंबर १९०३ मध्ये आणि पुन्हा मार्च १९०४ मध्ये त्यांनी विधेयकातल्या व्याख्या किती सैल आहेत आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर कसा टाकला जात आहे, यावर नेमके बोट ठेवले. एरवी सरकारची बाजू घेणारी अँग्लो-इंडियन वृत्तपत्रेही त्या वेळी विधेयकाच्या विरोधात होती. विधेयक मंजूर झाले, पण गोखल्यांचे आक्षेप इतिहासात नोंदले गेले. कागदावर आलेल्या मनाईशी वाद घालता येतो, तिचे शब्द तपासता येतात, ती बदलण्याची मागणी करता येते. त्यासाठी ती आधी कागदावर असावी लागते.

यानंतरची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९२० मध्ये कैद्यांच्या ओळखीचा कायदा झाला आणि पोलिसांना माणसांची मापे व छायाचित्रे घेण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. १९२३ मध्ये आजही लागू असलेला अधिकृत गुपिते कायदा आला आणि काही ठिकाणांची छायाचित्रे घेणे सामान्य माणसासाठी गुन्हा ठरू शकले. सरकारी कॅमेऱ्याचे अधिकार वाढले आणि लोकांच्या कॅमेऱ्याभोवती रेषा आखली गेली, हे सारे तीन वर्षांत घडले. नेमक्या याच काळात, १९२१ च्या रामनवमीला, मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच ‘सेनापती’ झाले, आणि विनायकराव भुस्कुटे यांनी लढा संघटित केला. आपल्या जमिनीवर काय चालले आहे ते पाहण्याचा, सांगण्याचा आणि अडवण्याचा हक्क मावळातले शेतकरी मागत होते. नांदे ज्या तालुक्यात आहे, तो हाच मुळशी तालुका.

१९२३ च्या कायद्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. त्यात ‘स्केच’च्या व्याख्येत छायाचित्र स्पष्टपणे सामावलेले आहे. देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा आणण्याच्या हेतूने प्रतिबंधित ठिकाणाजवळ जाणे, तिथे शिरणे किंवा शत्रूला उपयोगी पडेल असे स्केच करणे हा कलम ३ खाली गुन्हा आहे. प्रतिबंधित ठिकाण कोणते, हे कलम २ सांगते. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या जागा, शस्त्रागारे, छावण्या या थेट कायद्यानेच त्यात येतात. रेल्वे, रस्ते, जलमार्ग, पाणी-वीजपुरवठ्याची ठिकाणे किंवा इतर सरकारी जागा मात्र आपोआप येत नाहीत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून तसे जाहीर करावे लागते. शिवाय त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावलेली असावी लागते. १९२३ चे परके सरकारदेखील हे मान्य करीत होते, की माणसाला गुन्हेगार ठरवण्याआधी मनाई त्याच्या भाषेत त्याच्यासमोर टांगलेली असली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर पुण्याभोवती लष्करी जागांचे कडे दाट होत गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना एकोणिसाव्या शतकातला, देहूरोडचा डेपो आणि लोहगावचा विमानतळ ब्रिटिशांच्याच काळातले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ मध्ये बसली आणि नंतर पाषाणच्या प्रयोगशाळा आल्या. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर, १९६७ मध्ये, अधिकृत गुपिते कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला. या जागांभोवतीच्या मनाईला ठोस कारण आहे. पुण्याजवळ वाढलेल्या माणसाला ते कारण समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न त्या भिंतींचा नाही. त्या भिंतीवरचा फलक हळूहळू तिच्या शेजारच्या, तिच्याशी काही संबंध नसलेल्या जागांवर कसा जाऊन बसला, हा खरा प्रश्न आहे.

आकाशातून छायाचित्रे घेण्याचेही असेच नियम झाले. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम विमानतळावर आणि उडत्या विमानातून छायाचित्रणाला परवानगीची अट घालतो. महाराष्ट्राचे गड आणि किनारा आकाशातून टिपणारे गोपाळ बोधे नौदलातून या क्षेत्रात आले होते. उद्धव ठाकरे यांनी काढलेल्या गडकोटांच्या हवाई छायाचित्रांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० मध्ये आले. या कामांमुळे शिवकालीन दुर्गांची रचना लाखो लोकांना प्रथमच एका नजरेत दिसली. परवानगीची वाट ठाऊक असली, म्हणजे कडक नियमांतूनही मोठे काम उभे राहू शकते, हे त्यांतून दिसते.

फलक आणि कॅमेरा यांच्या नात्याचे सर्वांत बोलके छायाचित्र होमाई व्यारावाला यांनी काढले. त्यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत छायाचित्रणाला सुरुवात केली. सुरुवातीची त्यांची काही छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. तिथल्या पालम विमानतळावर पंडित नेहरू बहीण विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत उभे असतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. नेहरूंच्या शेजारीच एक फलक दिसतो आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेले आहे, की इथे छायाचित्रणास सक्त मनाई आहे. त्या क्षणी पंतप्रधानांच्या भोवतीच्या कुणीही होमाईंचा कॅमेरा हिसकावला नाही. फलक कशासाठी आहे आणि समोरची बाई काय करते आहे, यातला फरक तिथल्या माणसांना कळत होता. होमाईंनी १९७० मध्ये काम थांबवले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तो विवेक हरवण्याचे सर्वांत मोठे कारण दहशत हे आहे, आणि ती दहशत खरी होती. डेव्हिड हेडली या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकी नागरिकाने २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी अनेकदा मुंबईत येऊन ताज हॉटेल आणि इतर जागांचे चित्रण केले होते. पुण्यात कोरेगाव पार्कलाही तो येऊन गेला. पुढे १३ फेब्रुवारी २०१० ला त्याच कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा जीव गेला. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. पुणेकरांनी हे अंगावर घेतले आहे. त्यामुळे स्टेशनच्या दारातला शिपाई किंवा मॉलच्या फाटकावरचा पहारेकरी कॅमेऱ्याकडे संशयाने पाहतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

पण त्याच २६ नोव्हेंबरची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा त्या रात्री समोरच्या कार्यालयातून छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये धावले. फलाटावरच्या डब्याच्या आडोशाने त्यांनी बंदूक घेतलेल्या अजमल कसाबची छायाचित्रे काढली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री हल्लेखोरांना कॅमेऱ्यात पकडले. या दोघांची छायाचित्रे आणि साक्षी खटल्यात पुरावा ठरल्या. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवले, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली. हेडली पर्यटकाच्या वेशात उघडपणे चित्रण करून गेला. ‘फोटो काढू नका’ म्हणणाऱ्या कुठल्याही पहारेकऱ्यामुळे तो थांबला नाही. दुसरीकडे, ज्या छायाचित्रांनी न्याय मिळवून दिला, ती गर्दीच्या सार्वजनिक जागेत प्राण पणाला लावून काढलेली होती.

मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला दहशतवादविरोधी पथकाने अधिकृत गुपिते कायद्याखाली अटक केली. मोबाइलवरच्या संपर्कातून माहिती परकी हस्तकांपर्यंत गेल्याचा तो आरोप आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण आजच्या काळात तपास यंत्रणांना धोका कुठे दिसतो, हे त्यातून कळते. रस्त्यावर उभा राहून ढगांखालच्या डोंगराचा फोटो काढणारा कॉलेजकुमार धोक्यांच्या त्या यादीत फार खाली आहे.

आता फाटकावरच्या माणसाकडे वळू. खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या वाटेवरचेच ते पाऊल होते. हा कायदा रक्षकाकडे आधी एक कष्टकरी म्हणून पाहतो. पुढे २००५ मध्ये केंद्राने खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा केला. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. अभ्यासक्रमात गर्दीचे नियंत्रण, आग विझवणे, प्रथमोपचार, स्फोटके ओळखणे, ओळखपत्रे तपासणे आणि दंड संहितेची तोंडओळख आहे. लोकांशी कसे वागावे, हाही त्यात एक विषय आहे.

या कायद्यांनी रक्षकाला पोलिसांचे अधिकार दिलेले नाहीत. जागामालकाच्या वतीने तो आत येऊ पाहणाऱ्याला अडवू शकतो, आत असलेल्याला बाहेर जायला सांगू शकतो. त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कुणाही नागरिकाप्रमाणे तो गुन्हेगाराला पकडून विनाविलंब पोलिसांच्या हवाली करू शकतो. कॅमेरा काढून घेणे, मोबाइल उघडायला लावणे, ‘डिलीट करा’ म्हणून हात धरणे हे त्याच्या अधिकारात बसत नाही. दुसऱ्याच्या मोबाइलमधला मजकूर संमतीशिवाय पुसणे तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मोडते. पण बारा-बारा तास उभे राहणाऱ्या, अनेकदा मराठवाड्यातून किंवा परराज्यातून आलेल्या त्या तरुणाला हे कुणी शिकवलेले असते का? त्याला एक सूचना मिळते : कुणालाही फोटो काढू देऊ नको. फोटो निघाला तर त्याची नोकरी जाण्याची भीती, आणि अडवले तर त्याला जाब विचारणारे कुणी नाही. अशा मांडणीत तो कायद्यापेक्षा चार पावले पुढे जातो, आणि त्याला पुढे ढकलणारी माणसे केबिनमध्ये बसून राहतात.

लेखी मनाई न्यायालयात तपासली जाते तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केले म्हणून एका नागरिकावर २०१८ मध्ये अधिकृत गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. प्रतिबंधित ठिकाणाच्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे न्यायमूर्तींनी कलम २ ची भाषा वाचून सांगितले. पाथर्डी पोलीस ठाण्यातले संभाषण ध्वनिमुद्रित केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तीच भूमिका घेतली. १९२३ चा कायदा नागरिकाच्या बाजूने उभा राहिला, कारण त्याच्या सीमा शब्दांत आखलेल्या होत्या.

प्रशासनानेही आपल्या मनाईचा फेरविचार केलेला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंमध्ये छायाचित्रणावर अनेक ठिकाणी निर्बंध होते. जुलै २०१८ मध्ये दिल्लीत सर्वेक्षणाच्या नव्या मुख्यालयाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी या निर्बंधांवर प्रश्न उपस्थित केला. लगेचच सर्वेक्षणाने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली मुख्य कबर सोडून बाकी संरक्षित वास्तूंच्या आवारात छायाचित्रण खुले केले. अजिंठ्याच्या अपवादाला कारण आहे, तिथली भित्तिचित्रे नाजूक आहेत. विमानांच्या बाबतीत सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईला येणाऱ्या एका विमानात माध्यमांची झुंबड उडाली. नागरी विमान महासंचालनालयाने आधी छायाचित्रणाविरुद्ध कडक आदेश काढला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रवाशांना साधे छायाचित्रण करता येईल असा खुलासा केला. ड्रोनसाठी २०२१ मध्ये नियम आले, तेव्हा कुठे उडवायचे आणि कुठे नाही याचा हिरवा, पिवळा, लाल असा नकाशाच सरकारने सर्वांसाठी खुला केला.

परदेशांतही हा झगडा झालेला आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवाद कायद्याच्या कलम ४४ खाली पोलीस ठोस संशयाशिवाय कुणाचीही झडती घेऊ शकत. लंडनच्या शस्त्रप्रदर्शनाबाहेर २००३ मध्ये पेनी क्विंटन या पत्रकाराला अडवून चित्रण थांबवायला लावले गेले. तिने आणि केव्हिन गिलन यांनी लढवलेल्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १२ जानेवारी २०१० रोजी ब्रिटिश सरकारविरुद्ध निकाल दिला. त्याच महिन्यात शेकडो छायाचित्रकार लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात जमले. ‘मी छायाचित्रकार आहे, दहशतवादी नाही’ हे त्यांच्या चळवळीचे नाव होते. पुढे ते कलम रद्द झाले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत २००४ मध्ये छायाचित्रणबंदीचा प्रस्ताव आला होता, तो लोकांच्या विरोधानंतर मागे पडला.

छायाचित्रकाराच्या हक्कालाही हद्द आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय हा युक्तिवाद पुरा होत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. दुसरीकडे, १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५२ इमारतींची आणि सार्वजनिक जागेत कायम उभ्या असलेल्या शिल्पांची छायाचित्रे घेण्याला मोकळीक देते. माणसाच्या प्रतिष्ठेची आणि सार्वजनिक वास्तूच्या दर्शनाची अशी दोन वेगळी मापे कायद्याने ठेवली आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपणारे सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गटारात उतरणाऱ्या माणसांचे काम त्यांनी त्या माणसांच्या सोबत राहून शहरासमोर ठेवले. छायाचित्रण सन्मानाने केले, तर सार्वजनिक जागा किती सत्य सांगू शकते, याचा तो दाखला आहे.

नांद्याच्या पट्ट्यात हे सारे आज तातडीचे आहे. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले. जून २०२१ मध्ये शेजारची सूस आणि म्हाळुंगे ही गावे पुणे महापालिकेत गेली आणि वाढत्या शहराची हद्द नांद्याच्या शिवेला भिडली. डोंगर कुठे फोडला जातो, नाला कुठे बुजवला जातो, मुळेच्या पात्रात राडारोडा कोण टाकतो, हे सांगणारा पहिला पुरावा बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबाइलमध्येच असतो. जून २०२५ मध्ये हिंजवडीचे रस्ते पावसाने तुंबले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी काढलेले व्हिडिओ घरोघरी पोहोचले आणि त्या पाण्याचा जाब मंत्रालयापर्यंत विचारला गेला. वार्तांकन करणाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तो माध्यमातल्या व्यक्तींपुरता आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या साध्या गावकऱ्याला तशी स्वतंत्र ढाल नाही. म्हणून त्याला अडवणारा शब्द कुठून आला, हे विचारण्याचा मार्ग तरी मोकळा हवा.

तो मार्ग आहे, आणि तो कुणालाही परवडणारा आहे. सरकारी जागेवर छायाचित्रणबंदीचा फलक असेल, तर ती बंदी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, अधिसूचना कोणत्या तारखेची आहे आणि तिची प्रत मिळेल का, अशी विचारणा माहिती अधिकार कायदा, २००५ खाली त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करता येते. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. खासगी संकुलांच्या बाबतीत ग्रामसभेला ठराव करून विचारता येते, की रस्ता सार्वजनिक आहे की खासगी, आणि फाटकाची रेषा नेमकी कुठे संपते. सुरक्षा संस्थांच्या त्या १६० तासांच्या प्रशिक्षणात कॅमेऱ्यासंबंधी एक तास घालण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. त्या तासात रक्षकाला तीन गोष्टी सांगितल्या तरी पुरे : फाटकाच्या आतले आणि बाहेरचे नियम वेगळे आहेत, कुणाचाही कॅमेरा किंवा मोबाइल हातात घ्यायचा नाही, आणि खरोखर संशय आला तर ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवायचे.